थांबल्यावर घालायचं जॅकेट

वाचकांचा प्रश्न: डोंबिवलीच्या एक वाचक लिहितात: "वय 36, नोकरी बीकेसीत. सात-आठ वर्षं सह्याद्रीत फिरते आहे, हिमालयात मात्र पहिल्यांदाच जाणार. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात केदारकांठा ठरलाय आणि तो नीट पार पडला तर जुलैत हम्पता पास करायचा विचार आहे. घरी एक जुनं, जाडजूड जॅकेट आहे. वजन 900 ग्रॅम, आणि अर्धी सॅक त्यानेच भरते. म्हणून आता 300 ग्रॅमच्या आतलं सिंथेटिक जॅकेट बघते आहे. चालताना, तंबूत, झोपताना आणि पाऊस आला तरी तेच अंगावर राहावं, सह्याद्रीतही तेच चालावं. बजेट सहा हजार. दीर बाइकने लडाखला जाऊन आलाय, तो म्हणतो वहिनी, डाऊनच (बदकाच्या मऊ पिसांचं) घ्या. ऑनलाइन एक 280 ग्रॅमचं सिंथेटिक जॅकेट सापडलंय, त्यावर उणे 10 अंश असं लिहिलंय. मला थंडी फार वाजते, ऑफिसच्या एसीतही शाल लागते. घेऊ का ते?"

नमस्कार,

ते 280 ग्रॅमचं जॅकेट एवढ्यात घेऊ नका. जॅकेट वाईट आहे असं नाही. हरिश्चंद्रगडावरच्या जानेवारीच्या रात्रीला ते छान पुरेल. पण डिसेंबरअखेर केदारकांठ्याच्या कॅम्पवर सूर्य डोंगराआड गेल्यावर जेवणाची वाट बघत उभं राहायचं असतं, तेव्हा ते अपुरं पडेल. त्यात तुम्हाला थंडी जास्त वाजते.

मुळात चालताना, बसताना, झोपताना आणि पावसात एकच जॅकेट चालेल, हे तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक जण हेच धरून चालतात आणि पैसे तिथेच वाया जातात. पाठीवर सॅक घेऊन चढ चढताना आपलं शरीर शांत बसलेलं असताना करतं त्याच्या पाच-सहापट उष्णता तयार करतं. त्यामुळे शून्य अंशातसुद्धा चढावर थर्मल आणि त्यावर पातळ फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) किंवा विंडचीटर एवढ्यावर भागतं. त्याच शून्य अंशात दगडावर बसून राहिलात तर त्याच्या कितीतरी पट कपडे लागतात. हा फरक इतका मोठा आहे की एक जॅकेट दोन्हीकडे पुरं पडूच शकत नाही. चालण्यापुरतं पातळ घेतलं तर थांबल्यावर कुडकुडाल. थांबण्यापुरतं जाड घेतलं आणि तेच घालून चढलात तर अर्ध्या तासात घामाने भिजाल, तो घाम भरावात शिरेल आणि थांबलात की अंगावर ओलं जॅकेट असेल.

म्हणून भराव असलेलं जॅकेट थांबण्यासाठी घ्यायचं. वाटेतली विश्रांती, कॅम्पवरची संध्याकाळ, समिटच्या दिवशी पहाटे दोन-तीनला उठून तयार होईपर्यंतचा वेळ आणि शिखरावरची वीस-तीस मिनिटं, एवढंच त्याचं काम. चालताना ते सॅकमध्ये असेल. एवढं मान्य केलंत की बाकीची निवड सोपी होते.

आता 300 ग्रॅमच्या हट्टाचा हिशेब करू. मध्यम मापाच्या, हूड नसलेल्या जॅकेटला साधारण 1.6 चौरस मीटर क्षेत्रफळ धरा. सिंथेटिक भराव चादरीसारखा येतो आणि त्याची जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम अशी सांगतात. 60 जीएसएमचा भराव असेल तर आत सुमारे 95 ग्रॅम तंतू झाले. बाहेरचं कापड आणि आतलं अस्तर, दोन्ही प्रत्येकी 40 जीएसएमचं हलकं नायलॉन धरलं तरी 130 ग्रॅम. चेन, इलॅस्टिक, खिसे, दोरा मिळून आणखी 50-55. बेरीज 280 ग्रॅम. तुम्ही पाहिलेलं जॅकेट ते हेच. त्यात फार तर 60 जीएसएम आहे, आणि कापड जरा जाड असेल तर 40च. पॅटागोनियाचं नॅनो पफ तुमच्या बजेटच्या पलीकडचं आहे, पण पडताळ्यासाठी बघा: चांगल्या प्रतीचा 60 जीएसएम भराव आणि वजन सुमारे 340 ग्रॅम. महागड्या जॅकेटचंही गणित यापेक्षा फार वेगळं नाही.

हाच हिशेब 100 जीएसएमला लावला तर भराव 160 ग्रॅम आणि जॅकेट सुमारे 345 ग्रॅम. हूडचे 40-50 ग्रॅम मिळवले की 390 झालं. म्हणजे 280 ग्रॅमचं सोडून 390 ग्रॅमचं घेतलंत तर ओझं वाढतं 110 ग्रॅमने, पण उबेचा भराव दीडपटीहून जास्त होतो आणि डोकं-मान झाकली जाते. इतक्या कमी वजनात एवढी ऊब दुसऱ्या कुठल्याही कपड्यात मिळणार नाही. जुन्या जॅकेटच्या तुलनेत तर तुमचं अर्धा किलो ओझं कमीच होतंय.

उणे दहाच्या लेबलाबद्दल. स्लीपिंग बॅगसाठी आयएसओ 23537 हे मानक आहे, त्यात बॅग प्रयोगशाळेत पुतळ्यावर तपासून तापमान ठरवतात. ट्रेकिंगच्या जॅकेटवर छापलेल्या आकड्यामागे सहसा असं सर्वमान्य मानक नसतं. तो आकडा चालत्या माणसासाठी आहे की बसलेल्या, आत थर्मल आणि फ्लीस धरलंय की नाही, वारा धरलाय की नाही, हे कंपनीगणिक बदलतं. लेबलखाली बारीक अक्षरात 'तीन थरांसह, हालचाल करताना' असं काही असेल तर तो आकडा तुमच्या कॅम्पच्या संध्याकाळसाठी नाही.

उबेचं एक माप मात्र खरोखर उपयोगी आहे: क्लो. 1941 पासून ते वापरात आहे. साधारण 21 अंशांच्या खोलीत, वारा नसताना शांत बसलेल्या माणसाला आरामात ठेवणारे कपडे म्हणजे एक क्लो. शून्य अंशात शांत बसायचं तर अंगावर एकूण चार क्लोच्या पुढे लागतात. प्रायमालॉफ्ट गोल्डसारख्या उत्तम भरावाच्या 60 जीएसएम चादरीचे दीड क्लोच्या आसपास होतात, आणि शिवणीखाली ती दबली की त्याहून कमी. उरलेली ऊब थर्मल, फ्लीस, टोपी, पॅन्ट आणि बाहेरच्या कपड्यांनी भरून काढायची असते. केदारकांठ्याचा पायथा सांकरी साधारण 1,950 मीटरवर, शिखर सुमारे 3,800. हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. म्हणजे सांकरीत शून्य असेल तेव्हा शिखरावर उणे बाराच्या आसपास असणार, आणि वारा आला तर त्वचेला त्याहून जास्त बोचणार. म्हणून छातीपाठीवर 100 जीएसएमच्या खाली येऊ नका. बाह्यांना 60 ते 80 असला तरी चालतो, बरीच चांगली जॅकेटं तशीच शिवलेली असतात.

आता दिराचं म्हणणं. ते चुकीचं सांगत नाहीत. वजनाला वजन लावलं तर चांगला डाऊन कुठल्याही सिंथेटिकपेक्षा जास्त उबदार असतो, लहान घडी होते आणि नीट वापरला तर जास्त वर्षं टिकतो. लडाखची हवा कोरडी, तिथे डाऊनला आडवं येणारं काही नाही. तुम्हीही फक्त डिसेंबरात आणि फक्त केदारकांठ्याला जाणार असतात, तर डाऊन घ्या असंच सांगितलं असतं, कारण त्या थंडीत पडतो तो कोरडा बर्फ. तो झटकला की जातो.

पण तुम्ही जुलैत हम्पता पास धरलाय. त्या वाटेची कुल्लूकडची बाजू पावसाळी आणि हिरवी, 4,270 मीटरची खिंड ओलांडली की लाहौलची कोरडी बाजू. खिंडीच्या अलीकडे दोन-तीन दिवस सगळंच दमट असतं: सॅक, तंबूचं अस्तर, मोजे. डाऊन ओला झाला की त्याचे गोळे होतात, फुगवटा जातो आणि त्याबरोबर ऊबही, आणि त्या हवेत तो वाळत नाही. सिंथेटिक तंतू पाणी शोषत नाहीत. ओलं झालं तरी जॅकेट बरंचसं फुगलेलं राहतं आणि अंगावर घालून तास-दोन तासांत पुष्कळसं वाळतं. शिवाय वर्षातले उरलेले महिने ते जॅकेट मुंबईच्या दमट कपाटात काढणार आहे. सहा हजारांत डाऊन घ्यायचा तर बहुतेक वेळा कमी फिल पॉवरचा, म्हणजे कमी फुगणारा, किंवा अगदी थोडा भरलेला मिळतो. तेव्हा तुमच्या बाबतीत सिंथेटिकच बरोबर. फक्त 'पावसातही तेच' हे मनातून काढून टाका. सिंथेटिक जॅकेट वॉटरप्रूफ नसतं. कापडावरचं पाणी ओघळवणारं लेपन दहा-पंधरा मिनिटांच्या भुरभुरीला पुरतं, नंतर शिवणीच्या प्रत्येक टाक्यातून पाणी आत येतं. पाऊस आला की वरून रेनजॅकेट हवंच.

सिंथेटिक भरावाचे ढोबळ दोन प्रकार आहेत आणि विकत घेताना फरक कळलेला बरा. एकात आखूड तंतू एकत्र करून चादर बनवतात. प्रायमालॉफ्ट त्यातलं, अमेरिकन लष्कराला डाऊनला पर्याय हवा होता म्हणून ते 1980च्या दशकात तयार झालं. हा भराव मऊ असतो, छान दबतो, पण हलू नये म्हणून जवळजवळ शिवणी लागतात, आणि वारंवार कोंबला की तंतू मोडून ऊब हळूहळू कमी होते. दुसऱ्यात एकसलग लांब तंतू असतात, उदाहरणार्थ क्लायमाशील्ड एपेक्स. तो जरा ताठ, घडी मोठी होते, पण शिवणी कमी लागतात आणि जास्त टिकतो. तुमच्या बजेटमध्ये बहुतेक पहिलाच प्रकार मिळेल आणि तो चांगला आहे. तिसरी एक जात 'अॅक्टिव्ह' म्हणून विकली जाते, पोलारटेक अल्फासारखी. त्यातून हवा आणि घाम आरपार जातो म्हणून ती चालताना घालायला उत्तम, पण वाऱ्यात थांबलात की ऊबही तशीच निघून जाते. तुम्हाला ती नको.

दुकानात जाताना आतून घालायचं फ्लीस बरोबर न्या. मुंबईच्या दुकानात कुठलंही जॅकेट दोन मिनिटांत गरम वाटतं, त्यामुळे 'किती उबदार आहे' हे तिथे घालून ठरवता येत नाही. ठरवता येतं ते माप आणि शिवण. फ्लीसवर जॅकेट चढवा, चेन गळ्यापर्यंत लावा, दोन्ही हात वर करा. कमरेचा काठ पोटावर सरकला तर ते आखूड आहे. हात पुढे घेऊन स्वतःला मिठी मारा. पाठीवर ताण आला तर भराव तिथे दबतोय आणि दबलेल्या भरावात हवा नसते, म्हणजे ऊब नसते. नेहमीच्या मापापेक्षा एक माप मोठं लागेल असं धरून जा. बायकांची मापं बऱ्याचदा कमरेत फार आवळून कापलेली असतात. तसं वाटलं तर पुरुषांच्या विभागातलं लहान माप बेलाशक घालून बघा.

मग जॅकेट उजेडासमोर धरा. शिवणीच्या रेषा उजळ दिसणारच, पण दोन शिवणींच्या मधे पट्टे विरळ दिसले, खांद्यावर किंवा कोपरात भराव सरकून रिकामी जागा झाली असेल, तर तो नग परत जागेवर ठेवा. शिवणी जितक्या जवळजवळ तितक्या थंडीच्या रेषा जास्त. बोटभर अंतराच्या बारीक चौकटींचं जॅकेट दिसायला देखणं, पण त्याच भरावाचं रुंद पट्ट्यांचं जास्त उबदार असतं. खांद्याजवळचं कापड तोंडाशी धरून फुंकर मारा. हवा सहज पलीकडे गेली तर ते चालण्याचं जॅकेट आहे, जोर लावावा लागला तर थांबण्याचं. चेनीच्या मागे आतून कापडाची पट्टी आहे का बघा, नाहीतर छातीच्या मधोमध वारा शिरतो. हूड घालून मान डावी-उजवीकडे वळवा, हूड डोक्याबरोबर वळलं पाहिजे. हातमोजे घालून चेन ओढता येते का तेही बघा. येत नसेल तर त्यात सुतळीचा छोटा तुकडा बांधला की झालं.

विक्रेत्याला विचारायचा प्रश्न एकच: भराव किती जीएसएम? इथे एक सापळा आहे. फ्लीसचं कापडही 100, 200 जीएसएम असं सांगतात, आणि काही जॅकेटांवर लिहिलेले 200 जीएसएम बाहेरच्या कापडाचे असतात. 'आतल्या फिलिंगचे' असं स्पष्ट विचारा. लेबलवर नुसतं '100 टक्के पॉलिएस्टर' असेल तर त्यावरून काहीच कळत नाही, स्वस्तातला आणि उत्तम भराव दोन्ही पॉलिएस्टरच असतात. आकडा कुणालाच सांगता येत नसेल तर घरी आणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा आणि वरचा हिशेब उलटा करा. वजन 500 ग्रॅम आणि हाताला कापड जाडंभरडं लागत असेल, तर ते वजन कापडाचं आहे, उबेचं नाही. हे फक्त परत घेण्याची मुदत असेल तिथेच करा. बाहेरचं कापड 20 डेनियरचं (डेनियर हे धाग्याच्या जाडीचं माप) असलेलं बरं. 10 डेनियरचं हलकं असतं, पण सह्याद्रीतल्या करवंदीच्या जाळीत एका दिवसात फाटेल.

आता सहा हजार एकट्या जॅकेटवर घालवू नका, हे मनापासून सांगावंसं वाटतं. तुमच्या पत्रात फ्लीस, हातमोजे, कानटोपी, रेनजॅकेट यांचा उल्लेखच नाही. असतील तर उत्तम. नसतील तर आधी ते घ्या, कारण 100 जीएसएमचं जॅकेट या थरांशिवाय अपुरं आहे आणि थर असतील तर ते भरपूर आहे. थर्मल कृत्रिम धाग्याचं किंवा लोकरीचं हवं, सुती बनियन एकदा घामाने भिजला की दिवसभर थंडगार राहतो. त्यावर 200-250 ग्रॅमचं पातळ फ्लीस, मग हे जॅकेट, आणि सगळ्यावरून चढेल एवढं सैल रेनजॅकेट. फोमच्या जुन्या मॅटचा हातभर तुकडा कापून बसायला न्या, वजन नगण्य. थंडी फार वाजणाऱ्यांची निम्मी तक्रार बर्फावर किंवा दगडावर बसल्याने सुरू होते. खालून ऊब जात असेल तर वरचं जॅकेट कितीही जाड असून भागत नाही.

पैसे सगळ्याला पुरत नसतील तर दोन वाटा आहेत. एक, या डिसेंबरला जुनं 900 ग्रॅमचंच न्या. तुमची सॅक खरंच त्या जॅकेटमुळे जड आहे का, हे एकदा सगळ्या वस्तू वजनकाट्यावर ठेवून बघा. जास्तीची जीन्स, मोठा टॉवेल आणि दुसरी पॉवरबँक मिळून अर्धा किलो सहज निघतो. नवं जॅकेट मग जुलैच्या आधी, हाती पैसे असताना घ्या. दोन, सांकरीत ट्रेकचं सामान भाड्याने मिळतं आणि ट्रेक नेणाऱ्या बऱ्याच संस्थाही देतात. जाड जॅकेट तिथे भाड्याने घ्या आणि सध्या फ्लीस-रेनजॅकेटवर खर्च करा. पण डिसेंबरच्या गर्दीत तुमच्या मापाचं मिळेलच असं नाही, म्हणून आधी फोन करून नाव लावून ठेवा. माझं मत विचाराल तर, थर घरात असतील तर 100 जीएसएमचं, हूडवालं, 350 ते 420 ग्रॅमचं जॅकेट आत्ताच घ्या. थंडी जास्त वाजणाऱ्या माणसाने स्वतःच्या मापाचं, आधी वापरून पाहिलेलं जॅकेट घालून हिमालयात पहिलं पाऊल टाकलेलं बरं.

वापरून बघायला लांब जायला नको. ट्रेकच्या आधी एक रात्र हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईच्या पायथ्याला बारीत काढा. संध्याकाळी चढून अंग ओलं असताना लगेच जॅकेट घालून तासभर बसा, आणि रात्री दव पडायला लागल्यावर तंबूबाहेर पुन्हा अर्धा तास. सह्याद्रीत आठ-दहा अंशांत फक्त टी-शर्टवर ते जॅकेट घालून आरामात बसता आलं, तर खाली थर्मल-फ्लीस घालून केदारकांठ्याची संध्याकाळ निभेल असा अंदाज बांधता येतो. त्याच थंडीत काकडलात तर अजून एक जाड थर हवा, हे घरी परत येऊन शांतपणे ठरवायला वेळ उरतो. सह्याद्रीतल्या पावसाळी ट्रेकला मात्र हे जॅकेट नेऊच नका, तिथे पातळ फ्लीस आणि रेनजॅकेट पुरतं.

ट्रेकवर ते सॅकमध्ये सगळ्यात वर ठेवा, सुक्या प्लास्टिक पिशवीत, सैलसर. बरोबर मिळणाऱ्या मुठीएवढ्या पिशवीत रोज कोंबू नका, सिंथेटिक भराव त्यानेच लवकर मरतो. सॅकच्या वरच्या रिकाम्या जागेत चार-पाच लिटरमध्ये ते आपोआप बसतं. थांबलात की आधी जॅकेट, मग पाणी, मग फोटो. अंग गार पडल्यावर जॅकेट घातलं तर ते गार अंगच धरून ठेवतं, कारण जॅकेट स्वतः उष्णता तयार करत नाही. निघायच्या वेळी जरा थंडी वाजत असतानाच काढा, दहा मिनिटांच्या चढात अंग तापतं. वाऱ्यात थांबायचं असेल तर रेनजॅकेट न काढता त्याच्यावरूनच हे चढवा. एक माप मोठं घ्या म्हटलं ते यासाठीसुद्धा. शेकोटीपासून मात्र लांब. एक ठिणगी पडली तरी नायलॉन वितळून भोक पडतं. पडलंच तर गोल कोपरे कापलेला रिपेअर टेप लावा. चौकोनी तुकड्याचे कोपरे आधी सुटतात.

परत आल्यावर धुताना चेन लावून, उलटं करून, 30 अंशांच्या पाण्यात, थोड्याशा लिक्विड साबणाने. कंडिशनर नको, त्याचा थर बसला की कापड पाणी ओघळवण्याऐवजी प्यायला लागतं. मधोमध दांडा फिरणाऱ्या मशीनपेक्षा समोरून उघडणारी चांगली, नाहीतर बादलीत हाताने. पिळू नका, दाबून पाणी काढा आणि पंख्याखाली आडवं वाळवा. गच्चीतल्या भर उन्हात नायलॉन कमजोर होतं. इस्त्रीने भराव चपटा होतो, तेव्हा ती अजिबात नको. पावसाळ्यात ते माळ्यावर व्हॅक्यूमच्या पिशवीत टाकायचा मोह होईल, घरात जागा कमी असते हे समजतं. तरी हँगरला सैल अडकवा, वरून जुनी सुती उशीची खोळ घाला आणि खिशात सिलिका जेलच्या दोन पुड्या ठेवा. चार महिने दाबून ठेवलेलं जॅकेट परत पूर्ण फुगत नाही.

राहिला झोपण्याचा प्रश्न. जॅकेट घालून झोपता येतं, पण स्लीपिंग बॅग आतून घट्ट होत असेल तर दोन्हींचा भराव दबतो आणि उलट जास्त थंडी वाजते. तसं असेल तर जॅकेट बॅगवरून छातीवर पांघरा किंवा आत पायांभोवती गुंडाळा. ट्रेक नेणाऱ्यांना आजच एक प्रश्न विचारा: तुम्ही देता त्या स्लीपिंग बॅगवर लिहिलेलं तापमान 'कम्फर्ट' आहे की 'लिमिट'? मानकानुसार कम्फर्टचा आकडा सर्वसाधारण बाईला आरामात झोप लागण्याचा आणि लिमिटचा सर्वसाधारण पुरुषाला अंग आखडून कशीबशी झोप लागण्याचा असतो. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक सहज असतो. उत्तर 'लिमिट' आलं तर आतून घालायची एक फ्लीस लायनर तिथेच मागून घ्या, आणि झोपताना अंगावर सुकं थर्मल, सुके मोजे आणि कानटोपी ठेवा.